पाच नळ्या, पाचही पांढऱ्या: द्रावणातला धातू ओळखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच परीक्षानळ्यांत पाच रंगहीन द्रावणं आहेत. एकात ॲल्युमिनियमचा क्षार, दुसऱ्यात जस्ताचा, तिसऱ्यात शिशाचा, चौथ्यात कॅल्शियमचा आणि पाचव्यात मॅग्नेशियमचा. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की पाचही नळ्यांत पांढरा साका, म्हणजे द्रावणातून वेगळा होणारा घन पदार्थ, येतो. मग कोणती नळी कोणाची हे ठरवायचं कसं? जोडीला आणखी दोन शंका आहेत: लोहाची फेरस आणि फेरिक अशी दोन रूपं असतात, तर फेरस क्षाराच्या द्रावणात फेरिकचीही परीक्षा का येते, आणि एकाच द्रावणात तीन-चार धातू मिसळलेले असतील तर सुरुवात कुठून करायची?

हे काम मी बरीच वर्षं करते आहे, आधी प्रयोगशाळेत शिकवताना आणि पुढे नमुने तपासताना. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते. पुस्तकातला तक्ता पाठ करून, नळीतला रंग त्याच्याशी जुळवत बसलात तर पांढऱ्या साक्यांपाशी अडणारच. कारण पांढरा म्हणजे काहीच नाही. साका किती थेंबांनी आला, हलवल्यावर टिकला का, जास्तीच्या थेंबांनी गेला का, दहा मिनिटांनी तसाच राहिला का, हे बघायचं असतं. धातू त्याच्या रंगावरून कमी आणि वागण्यावरून जास्त ओळखू येतो.

नव्या विद्यार्थ्याची पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते. ड्रॉपर पूर्ण भरायचा, नळीत रिकामा करायचा आणि मग नळीकडे बघायचं. असा एक विद्यार्थी माझ्याकडे तुरटीच्या द्रावणाची नळी घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, साका येतच नाही, म्हणजे यात ॲल्युमिनियम नाही. नळी खरोखरच स्वच्छ होती. त्याला नवी नळी घ्यायला सांगितली आणि एकेक थेंब काचेच्या कडेवरून सोडायला लावला. पहिला थेंब जिथे द्रावणाला टेकला तिथे धुरासारखी पांढरी रेघ उमटली. दुसऱ्या-तिसऱ्या थेंबापर्यंत नळीत जेलीसारखा, जवळजवळ पारदर्शक साका भरला, इतका की नळी तिरकी केली तरी तो चटकन हलेना. पाचव्या-सहाव्या थेंबाला तो खालून विरघळायला लागला आणि थोडं हलवल्यावर नळी पुन्हा पहिल्यासारखी स्वच्छ. आधीच्या नळीतही हे सगळं घडलंच होतं, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत घडून संपलं होतं.

यामागचा हिशेब एकदा करून ठेवा, म्हणजे हात आपोआप सावध होतो. (मोलर हे द्रावण किती तीव्र आहे याचं माप.) ०.१ मोलर द्रावण एक मिलीलीटर घेतलं तर त्यात ॲल्युमिनियमचे ०.१ मिलीमोल आयन असतात. एका ॲल्युमिनियम आयनाचा साका व्हायला तीन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणजे एकूण ०.३ मिलीमोल. सोडियम हायड्रॉक्साइड २ मोलर असेल आणि ड्रॉपरचा थेंब साधारण ०.०५ मिलीलीटरचा असेल, तर थेंबागणिक ०.१ मिलीमोल हायड्रॉक्साइड नळीत जातो. म्हणजे तीन थेंबांत सगळा साका पडून झाला आणि चौथ्यापासून तो विरघळायच्या मार्गाला लागला. एक मिलीलीटरच्या भरलेल्या ड्रॉपरमध्ये असे वीस थेंब असतात! म्हणून मी दोन बाटल्या ठेवायला सांगते, एक ०.५ मोलरची, साका पाडायला, आणि एक २ मोलरची, तो विरघळतो का बघायला. जस्ताच्या साक्याला दोनच हायड्रॉक्साइड लागतात, पण तो विरघळायला जास्तीचं हायड्रॉक्साइड बऱ्यापैकी लागतं. तिथे सौम्य बाटलीवर थांबलात तर ‘विरघळत नाही’ असा चुकीचा शेरा वहीत जाईल.

आता पाच नळ्यांकडे येऊ. २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने वाढवत गेलं की ॲल्युमिनियम, जस्त आणि शिसं यांचे साके विरघळतात. त्यांची हायड्रॉक्साइडं उभयधर्मी आहेत, आम्लातही जातात आणि अल्कलीतही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे साके राहतात. पाचाचे झाले दोन गट.

इथे एक फसवी जागा आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड तसं पाण्यात थोडंफार विरघळणारं आहे, लीटरला दीड ग्रॅमच्या वर. त्यामुळे त्याचा साका मुळात पातळ, दुधी असतो, आणि वरून भरपूर द्रावण ओतलं की केवळ पसरल्यामुळे तो फिका दिसायला लागतो. घाईत असलेला माणूस लिहून टाकतो, ‘जास्तीच्या अल्कलीत विरघळला’. खरंच विरघळला की नुसता पातळ झाला याची खात्री करायचा सोपा मार्ग उलट जाण्याचा आहे. स्वच्छ झालेल्या नळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल एकेक थेंब सोडत जा. ॲल्युमिनियम किंवा जस्त असेल तर साका पुन्हा उगवतो आणि आणखी आम्ल घातलं की परत जातो. आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. असा दोन्ही दिशांनी चालणारा साका हा उभयधर्मी हायड्रॉक्साइडाचा भरवशाचा पुरावा आहे. फक्त शिशाच्या नळीत हे करताना हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल वापरा, नाहीतर शिशाचं क्लोराइडच साका होऊन बसेल.

दुसरी बाटली अमोनियाच्या द्रावणाची. मूळ द्रावणाचा नवा भाग घ्या, आधीच्या नळीत अमोनिया ओतू नका. अमोनिया सौम्य अल्कली आहे. २ मोलर अमोनियात हायड्रॉक्साइड आयनांचं प्रमाण ०.००६ मोलरच्या आसपास असतं, म्हणजे त्याच तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडपेक्षा ३०० पटींहून कमी. या कमीपणाचाच आपल्याला उपयोग होतो. कॅल्शियमचा साका पडायला एवढं हायड्रॉक्साइड पुरत नाही, त्यामुळे ती नळी स्वच्छ राहते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मात्र खूपच कमी विरघळणारं, ते पडतं. इथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगळे झाले. मॅग्नेशियमची आणखी खात्री हवी असेल तर अमोनियाच्या आधी नळीत थोडा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, विरघळवा. मग अमोनिया घातला तरी साका येत नाही, कारण अमोनियम आयन हायड्रॉक्साइडला आणखी खाली दाबतात. हे लक्षात असू द्या, मिश्रणाकडे वळल्यावर हेच परत लागणार आहे.

बाकीच्या तिघांत अमोनियाने पांढरा साका तिन्ही नळ्यांत येतो, पण जास्तीच्या अमोनियात फक्त जस्ताचा विरघळतो. जस्ताला अमोनियाचे रेणू स्वतःभोवती बांधून घेता येतात, ॲल्युमिनियमला आणि शिशाला ते जमत नाही. आणखी एक युक्ती मला फार आवडते. ॲल्युमिनियम आणि जस्त या दोघांच्याही नळ्या सोडियम हायड्रॉक्साइडने स्वच्छ करून घ्या आणि दोन्हींत घन नवसागर टाकून जरा गरम करा. ॲल्युमिनियमच्या नळीत जेली परत येते. जस्ताची नळी तशीच स्वच्छ राहते, कारण तिथे तयार झालेला अमोनिया जस्ताला धरून ठेवतो. एकाच पुडीने दोघांचं वेगळेपण समोर येतं.

आता ॲल्युमिनियम आणि शिसं. मूळ द्रावणाच्या नव्या भागात पोटॅशियम आयोडाइडचे दोन-तीन थेंब घाला. शिसं असेल तर झगझगीत पिवळा साका येतो, ॲल्युमिनियमला काहीच होत नाही. एवढ्यावर थांबू नका, कारण चांदीही आयोडाइडबरोबर पिवळट साका देते. साक्यात भरपूर पाणी घालून उकळी येईपर्यंत तापवा. शिशाचं आयोडाइड गरम पाण्यात विरघळतं, द्रावण जवळजवळ रंगहीन होतं. मग नळी स्टँडला लावून शांत थंड होऊ द्या. थोड्या वेळाने आत सोनेरी पापुद्रे तयार व्हायला लागतात, उजेडाच्या दिशेने नळी फिरवली की एकेक पापुद्रा लकाकून खाली उतरताना दिसतो. चांदीचं आयोडाइड असं कधीच करत नाही. इतकी वर्षं झाली तरी ही परीक्षा करताना मी नळीसमोरून हलत नाही. आयोडाइड मात्र बेताने घाला, फार झालं तर साका त्यातच विरघळून जातो.

तीन बाटल्या आणि थोडा नवसागर, एवढ्यावर पाचही नळ्यांची ओळख पटली. या पाचांसाठी यापलीकडे काही आणावं लागत नाही.

तरीही बाटलीकडे संशयाने बघायची सवय हवी. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे महिनोन् महिने उघडझाप झालेल्या बाटलीत बऱ्यापैकी कार्बोनेट साठलेलं असतं. अशा बाटलीतला थेंब कॅल्शियमच्या किंवा बेरियमच्या द्रावणात पडला की येणारा पांढरा साका हायड्रॉक्साइडचा नसून कार्बोनेटचा असतो. जुन्या अमोनियाचंही तसंच. कॅल्शियमच्या नळीत अमोनियाने साका आला तर आधी बाटली बदलून बघा, मग स्वतःच्या निष्कर्षावर शंका घ्या. साक्यावर आम्लाचा थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर समजायचं की कार्बोनेट होतं.

लोहाची शंका मुळात रास्त आहे आणि तिचं उत्तर ‘दोन्ही खरं आहे’ असं आहे. फेरस क्षार, उदाहरणार्थ हिराकस, पाण्यात विरघळवला की हवेतला ऑक्सिजन लगेच कामाला लागतो आणि थोडं लोह फेरिक होतं. पोटॅशियम थायोसायनेट हे फेरिकसाठी इतकं संवेदनशील आहे की त्या थोडक्या फेरिकनेही नळी गुलाबी होते. म्हणून ‘रंग आला का’ असं विचारण्याऐवजी ‘किती आला’ असं विचारा. खऱ्या फेरिक द्रावणात थायोसायनेटने रक्तासारखा गडद लाल रंग येतो, पलीकडचं दिसत नाही. फेरसमध्ये शिरलेल्या फेरिकने फिका गुलाबी किंवा नारिंगी. शेजारी फेरिक क्लोराइडची नळी ठेवली की शंका उरत नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर तर फेरस स्वतःची ओळख स्वतःच सांगतं, फक्त वाट बघायला हवी. साका येतो तो मळकट हिरवा. नळी न हलवता स्टँडला ठेवा. काही मिनिटांत सगळ्यात वरचा थर, जिथे हवा लागते तिथला, तपकिरी व्हायला लागतो आणि तो रंग हळूहळू खाली उतरतो. वर गंज, खाली हिरवा, मध्ये पुसट सीमा. फेरिकचा साका पहिल्या थेंबापासून गंजाच्या रंगाचा असतो आणि तसाच राहतो. दोघांपैकी एकही जास्तीच्या अल्कलीत जात नाही.

निश्चितीसाठी दोन सायनाइडी अभिकर्मकं, म्हणजे परीक्षेसाठी घालायची रसायनं, आहेत आणि त्यांच्या नावांत हमखास गोंधळ होतो. फेरिसायनाइड फेरसबरोबर गडद निळं होतं, फेरोसायनाइड फेरिकबरोबर. म्हणजे दोन्हीकडे लोहाची दोन वेगवेगळी रूपं एकत्र यावी लागतात, तेव्हाच निळा रंग उमटतो. एकेकाळी या दोन निळ्यांना प्रशियन ब्ल्यू आणि टर्नबुल्स ब्ल्यू अशी वेगळी नावं होती, पण तो पदार्थ एकच आहे हे नंतर सिद्ध झालं. फेरिकमध्ये फेरिसायनाइड घातलं तर निळं न होता तपकिरीसर द्रावण मिळतं. फेरसचं शुद्ध द्रावण हवं असेल तर पाणी आधी उकळून गार करा, सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घाला आणि बाटलीत स्वच्छ लोखंडी खिळा टाकून ठेवा. तयार झालेलं फेरिक तो परत फेरस करत राहतो. आणि द्रावण त्याच दिवशी वापरा.

जाता जाता, लोहाची परीक्षा ही माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या रासायनिक परीक्षांपैकी एक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवलं आहे की जंगालात, म्हणजे तांब्याच्या हिरव्या रंगद्रव्यात, हिराकसाची भेसळ आहे का हे बघायला मायफळाच्या काढ्यात भिजवलेला पपायरस वापरत. हिराकस असेल तर तो काळा पडे. मायफळातलं टॅनिन आणि लोह यांचा तो काळा रंग. कागदावर अभिकर्मक मुरवून नमुना त्यावर टेकवायचा, ही कल्पना तेव्हापासून आजच्या परीक्षापट्ट्यांपर्यंत आलेली आहे.

रंगीत आयनांवर फार वेळ घालवत नाही, कारण ते बरंचसं स्वतः बोलतात. तांब्याचं, म्हणजे मोरचुदाचं द्रावण निळं असतं. सोडियम हायड्रॉक्साइडने फिका निळा साका येतो आणि नळी तापवली की तो काळा होतो. अमोनियाने आधी तोच फिका निळा साका आणि मग जास्तीच्या अमोनियात गडद, शाईसारखं निळं द्रावण. निकेलचं द्रावण हिरवं, साका पोपटी, आणि जास्तीच्या अमोनियात तेही निळसर होतं, त्यामुळे कमी प्रमाणातलं तांबं आणि निकेल यांची गल्लत होऊ शकते. तिथे डायमिथाइलग्लायॉक्झाइम हवं. रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव चुगायेव यांनी १९०५ साली दाखवून दिलेली ही परीक्षा आहे: अमोनियायुक्त द्रावणात निकेल असेल तर गुलाबी-लाल, कापसासारखा साका येतो. तांब्यासाठी फेरोसायनाइड वापरा, चॉकलेटी साका मिळेल. मँगनीजचा साका आधी मळकट पांढरा आणि हवेने तपकिरी होत जाणारा, क्रोमियमचा करडा-हिरवा आणि जास्तीच्या अल्कलीत विरघळून हिरवं द्रावण देणारा. चांदीच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडने तपकिरी साका पडतो, पण तो हायड्रॉक्साइड नसून ऑक्साइड असतो.

मिश्रणाची गोष्ट वेगळी. तिथे एका धातूची परीक्षा दुसरा बिघडवतो, म्हणून आधी वेगळं करायचं आणि मग ओळखायचं. गटवार विश्लेषणाची जी घडी आज शिकवली जाते, ती १८४१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रेमिगियस फ्रेसेनियस यांनी मांडलेल्या पद्धतीवर उभी आहे. तिचा क्रम असा: थंड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चांदी, शिसं आणि मर्क्युरस पारा. मग आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइडने तांबं, कॅडमियम, बिस्मथ, मर्क्युरिक पारा, आर्सेनिक, अँटिमनी, कथील. मग नवसागर आणि अमोनियाने लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम. मग अमोनियायुक्त द्रावणात पुन्हा हायड्रोजन सल्फाइडने जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट. मग अमोनियम कार्बोनेटने कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. शेवटी उरतात मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम.

हा क्रम घोकू नका, त्यातली युक्ती समजून घ्या. हायड्रोजन सल्फाइड दोनदा का येतो? कारण आम्लात त्याचं विघटन दबतं आणि सल्फाइड आयन अगदी नगण्य उरतात. तांब्याचं सल्फाइड इतकं अविद्राव्य आहे की तेवढेही त्याला पुरतात, जस्ताला पुरत नाहीत. अमोनिया घालून द्रावण अल्कली केलं की सल्फाइड आयन कैक पटींनी वाढतात आणि मग जस्त खाली येतं. म्हणून आम्लाची तीव्रता महत्त्वाची, साधारण ०.३ मोलर. कमी असेल तर जस्त आधीच्याच गटात घसरतं, जास्त असेल तर कॅडमियम आणि शिसं पूर्ण पडत नाहीत.

नवसागराचंही तेच. तिसऱ्या गटात तो आधी घालायचा असतो, म्हणजे हायड्रॉक्साइड इतकं कमी राहतं की फक्त फेरिक, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम पडतात, मॅग्नेशियम पुढे निघून जातं. वर मॅग्नेशियमच्या नळीत जे पाहिलं तेच इथे गट वेगळे करायला वापरलं आहे. आणि याच पायरीआधी दोन कामं चुकवून चालत नाहीत: द्रावण उकळून हायड्रोजन सल्फाइड पूर्ण घालवायचा आणि संहत नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून पुन्हा उकळायचं. हायड्रोजन सल्फाइडने सगळं लोह फेरस करून ठेवलेलं असतं, आणि नवसागराच्या उपस्थितीत फेरस पूर्ण पडत नाही. नायट्रिक त्याला फेरिक करतं. ही पायरी गाळली की लोह चौथ्या गटात काळं सल्फाइड होऊन उतरतं आणि निकेल-कोबाल्टचा भास होतो.

शिसं दोन गटांत सापडलं म्हणून घाबरू नका. शिशाचं क्लोराइड २० अंश सेल्सियसला लीटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पहिल्या गटात ते पूर्ण पडूच शकत नाही, उरलेलं दुसऱ्या गटात सल्फाइड होऊन येतं. याच गुणाने ते चांदीपासून वेगळंही होतं: पहिल्या गटाच्या साक्यावर उकळतं पाणी ओता, शिसं विरघळून गाळणकागदातून खाली उतरतं, चांदीचं क्लोराइड कागदावर राहतं. कागदावर मग अमोनिया ओता. चांदी विरघळून खाली येते, आणि मर्क्युरस पारा असेल तर कागद काळा पडतो.

अमोनियम आयन आणि सोडियम यांची परीक्षा मात्र अगदी आरंभी, मूळ नमुन्यावर. पुढे आपणच नवसागर, अमोनिया, सोडियम हायड्रॉक्साइड ओतत जाणार, मग ते नमुन्यातले की आपले हे कोण सांगणार? अमोनियमसाठी नमुना सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर हलका तापवा आणि ओला लाल लिटमस नळीच्या तोंडावर, काचेला न टेकवता धरा. काचेला टेकला तर उडालेल्या अल्कलीनेच तो निळा होईल.

सोडियम, पोटॅशियम यांना साके नाहीतच म्हटलं तरी चालेल, तिथे ज्योत परीक्षा. तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरायची, रंग येईनासा होईपर्यंत, आणि मग तिला नमुना लावून पुन्हा ज्योतीत. सोडियमचा पिवळा सगळ्यांना झाकून टाकतो, कारण सोडियम बोटांवर, काचेवर, धुळीत, सगळीकडे आहे. म्हणून पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत कोबाल्टच्या निळ्या काचेतून बघायची, ती काच पिवळा अडवते. कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम किरमिजी, बेरियम पोपटी. डोळ्याच्या जागी वर्णपटदर्शक आणला की याच ज्योतीची ताकद कळते: बुनसेन आणि किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही अगदी नवी मूलद्रव्यं ज्योतीतल्या रेषांवरूनच शोधली.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कोणतीही परीक्षा एका नळीत करू नका, तीन नळ्यांत करा. एकीत नमुना, दुसरीत तो धातू नक्की असलेलं द्रावण, तिसरीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी. तिन्हींत तेच अभिकर्मक, तितकेच थेंब. हे मी नुकसान सोसून शिकले. एकदा सलग चार नमुन्यांत मला लोह सापडलं, चारही वेळा थायोसायनेटने सारखाच गुलाबी. सारखेपणाने शंका आली म्हणून नुसत्या पाण्याची नळी लावली, तर तीही गुलाबी. दोष हायड्रोक्लोरिक आम्लात होता. शुद्ध आम्ल रंगहीन असतं, ते मात्र किंचित पिवळसर होतं, आणि तो पिवळेपणा फेरिकचा होता. चारही अहवाल मागे घ्यावे लागले. तिसऱ्या नळीला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी नळीही तितकीच गरजेची. उत्तर ‘नाही’ आलं तर धातू नाही म्हणून, की अभिकर्मक निकामी झालंय म्हणून, हे तिच्याशिवाय कळत नाही.

आणि वहीत ‘ॲल्युमिनियम आहे’ असं लिहायच्या आधी जे दिसलं ते लिहा. कितव्या थेंबाला काय झालं, हलवल्यावर काय झालं, तापवल्यावर, थांबल्यावर काय झालं. निष्कर्ष चुकला तर तो निरीक्षणांवरून दुरुस्त करता येतो, पण वहीत नुसता निष्कर्षच असेल तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

जिवाशी संबंध असलेल्या दोन-तीन गोष्टी. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो, तेव्हा ‘वास येत नाही’ याचा अर्थ ‘वायू नाही’ असा कधीही धरू नका. हे काम धूरकपाटातच करा. फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइड संहत आम्लाबरोबर तापवू नका, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमेट यातलं काहीही मोरीत ओतायचं नाही, त्यांची वेगळी बाटली ठेवायची. आणि चांदीच्या साक्यावर अमोनिया घालून केलेलं स्वच्छ द्रावण उद्यासाठी म्हणून कधीही ठेवून देऊ नका. ते उभं राहिलं की त्यात काळा, स्फोटक पदार्थ तयार होतो आणि नुसत्या धक्क्यानेही तो उडू शकतो. परीक्षा झाली की तिथल्या तिथे त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, चांदी पांढरं क्लोराइड होऊन खाली बसेल, आणि मग ती नळी चांदीच्या टाकाऊ द्रावणांसाठी ठेवलेल्या बाटलीत रिकामी करा.